अंतःकरण राखायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: बायबलमधल्या नीतिसूत्रे 4:23 मध्ये अंतःकरणाचं रक्षण करायला सांगितलंय, म्हणून मी मोबाइलवरची दोन-तीन अ‍ॅप्स काढली, मालिका बंद केल्या, तरी मन आहे तिथंच आहे. मग रक्षण करायचं म्हणजे रोज काय करायचं?

अ‍ॅप्स काढलीत ते बरं केलंत, परत घालू नका. पण माझं जे नुकसान झालं ते मोबाइलमधून आलंच नव्हतं, म्हणून आधी ते सांगतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी खजिनदार होतो. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं-घरातलं काहीबाही आणतात आणि उपासना सुटल्यावर आवारात त्याचा लिलाव होतो. बाजरी, भोपळे, घरचा केक, पाय बांधलेली गावठी कोंबडी. (कोंबडीची बोली कायम चढते. ती कोंबडीसाठी नसते, शेजारच्याला हरवण्यासाठी असते.) एका वर्षी हिशेबात 1,400 रुपये कमी भरले. पुढच्याच बैठकीत एक वडीलधारे गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, “खजिनदारसाहेब, पैसे गेले कुठं?” दोघांनी उधारीवर बोली घेतली होती. पंधरा दिवसांत पैसे जमाही झाले. त्या गृहस्थांनी मात्र त्यावर एक शब्द काढला नाही.

पुढची दोन वर्षं मी एकही उपासना चुकवली नाही, वावगं काही पाहिलं नाही, आणि रोज आंघोळ करताना त्या माणसाला उत्तरं देत राहिलो. काय फर्डा बोलायचो! प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे दर रविवारी मोठ्यानं म्हणायचो आणि माझी येणे बाकी जशीच्या तशी पुढच्या पानावर ओढायचो. घरात चिडचिड, मुलांवर डाफरणं, बायबल उघडलं की जांभया. हे सगळं त्या एका बाकीचं व्याज आहे, हे कळायला फार वेळ लागला.

चौथ्या शतकात एव्हाग्रियस नावाचा एक डीकन (चर्चमधला सेवक) कॉन्स्टँटिनोपलची झगमग सोडून इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिला. इ.स. 399 मध्ये तो वारला. माणसाला छळणाऱ्या विचारांची त्यानं आठ जणांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ प्रतिष्ठा आणि गर्व. क्रोधाबद्दल तो म्हणतो की ज्यानं दुखावलं त्याचा चेहरा हा नेमका प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढं आणून उभा करतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माझ्या न्हाणीघरातलं कसं कळलं? त्याचं दुसरं म्हणणं तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे: विचार येणं-न येणं आपल्या हातात नाही, त्याला मुक्कामाला ठेवायचं की नाही हे आहे. तुम्ही दार बंद करायला बघताय. राखण म्हणजे दारात बसून येणाऱ्याला ‘कुणाकडं? काय काम?’ विचारणं.

आता वचन पुन्हा वाचा. ‘सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे.’ मूळ हिब्रू शब्दात भावना, विचार, निर्णय सगळंच येतं, आणि आपल्या भाषांतरकारांनी ‘हृदय’ न घेता ‘अंतःकरण’ घेतलं हे मला फार आवडतं, कारण मन-बुद्धी-अहंकार सगळे त्याच घरात राहतात. आसपासच्या ओव्याही सोडू नका. आधी 20-21 मध्ये कान लावून वचनं अंतःकरणात ठेवायला सांगितलंय, मग राखण, आणि त्यानंतर तोंड, डोळे, पाय. मळ्यात कणीसच नसेल तर गोफण घेऊन बसायचं कशाला? मालिका बंद केल्यावर त्या अर्ध्या तासात काय ठेवलंत, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

रोजची रीत मला वसईच्या एका कॅथलिक मित्राकडून मिळाली. आम्ही प्रॉटेस्टंट, पण चांगली गोष्ट घ्यायला लाजत नाही. इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतानं त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात (त्याला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली) सांगितलंय की एकच दोष धरा. सकाळी उठताना त्याची आठवण करा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मागं वळून बघा आणि जितक्यांदा घसरलात तितकी टिंबं वहीतल्या रेघेवर द्या. घसरलो हे कळताच हात छातीवर ठेवायचा, शेजारच्याला कळूही नये असा. खजिनदाराला यापेक्षा सोयीचं काय असणार! मी शंभर पानी वही घेतली. पहिल्या दिवशी अकरा टिंबं. म्हणजे मनातल्या मनात अकरा वेळा त्या माणसाशी भांडलो, तेही सुट्टीच्या दिवशी. सगळे दोष एकदम धरू नका, दोन दिवसांत वही फेकून द्याल.

एक धोका सांगतो. काही दिवसांनी मी टिंबंच मोजत बसलो, प्रार्थना राहिली बाजूला. तेव्हा पाळकसाहेबांनी पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वचन, फिलिप्पै 4:7, दाखवलं: देवाची शांती तुमची अंतःकरणं ‘राखील’. तिथला ग्रीक शब्द लष्करी आहे, शहराच्या पहाऱ्याचा. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत, तिथल्या लोकांना पहारा म्हणजे काय ते वेगळं समजावायची गरज नव्हती. मी रात्री झोपलो तरी पहारा चालू असतो, एवढं त्यावरून उमगलं. आता वही मिटल्यावर त्या गृहस्थांचं नाव घेऊन दोन वाक्यं प्रार्थना करतो. सुरुवातीला ती वाक्यं अगदी कोरडी होती, आजही कधी कधी असतात.

आमची दोस्ती वगैरे झालेली नाही. गेल्या हंगामाच्या सणाला मी फक्त पावत्या फाडायला बसलो होतो. कोंबडी त्यांनीच घेतली, 900 रुपयांना, रोख. नोटा पुढं करत म्हणाले, “मोजून घ्या.” मी मोजून घेतल्या आणि पावती दिली. त्या दिवसाच्या रेघेवर दोन टिंबं आहेत.