पेट्रोलचं क्रेडिट कार्ड घ्यावं का?

पंपाच्या कार्डाबद्दलची पत्रं काही थांबत नाहीत, आणि बहुतेकांत ‘मित्र म्हणाला’ किंवा ‘मॉलमधला कार्डवाला म्हणाला’ असतंच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतो. बँका अटी मधूनमधून बदलतात, म्हणून खालचे आकडे अर्ज भरण्याच्या दिवशी एकदा ताडून पाहा.

प्रश्न : कार्डाने पेट्रोल टाकलं की पाऊण टक्का सूट मिळते ना? (कोल्हापूर)

नाही. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी ती सुरू केली होती. क्रेडिट कार्डांसाठी ती 1 ऑक्टोबर 2019 पासून बंद झाली. व्हॉट्सॲपवर मात्र अजून चालू आहे.

प्रश्न : स्कूटरला महिन्याला दीड हजाराचं पेट्रोल लागतं. ‘4.25 टक्के परत’ अशी बीपीसीएल (भारत पेट्रोलियम) एसबीआय कार्डाची जाहिरात पाहिली. फी 499 रुपये. घेऊ का? (नाशिक)

आधी तो 4.25 फोडून बघा. भारत पेट्रोलियमच्या पंपावर शंभर रुपयांना 13 पॉइंट, चार पॉइंटांचा एक रुपया, म्हणजे झाले 3.25 टक्के. उरलेला एक टक्का ही सरचार्जची माफी. पंपावर क्रेडिट कार्ड घासलं की एक टक्का सरचार्ज लागतो आणि ठरावीक मर्यादेत बँक तो परत करते. रोख देणाऱ्याला किंवा खात्यातून थेट यूपीआय करणाऱ्याला तो लागतच नाही! तुमच्याच खिशातला रुपया काढून तुम्हालाच परत द्यायचा आणि वर त्याला बक्षीस म्हणायचं, हा धंदा मला पटत नाही. त्या सरचार्जवरचा 18 टक्के जीएसटी तर सहसा परतही येत नाही.

आता तुमचा हिशोब. दीड हजारावर 3.25 टक्क्यांनी महिन्याला 48 रुपये 75 पैसे, वर्षाला 585 रुपये. फी जीएसटी धरून 589. म्हणजे वर्षभर कार्ड घासून चार रुपये पदरचे गेले. पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट मिळतात म्हणून चित्र बरं दिसतं. मी दुसऱ्या वर्षापासूनचं सांगतोय. वर्षाला पन्नास हजारांचा खर्च झाला तर फी माफ होते. किराणा, औषधं, पेट्रोल मिळून तेवढा खर्च आपसूक होत असेल, तर कार्ड परवडेल. फी वाचवायला खरेदी वाढवावी लागणार असेल तर राहू द्या.

आणखी एक. तुमच्या रोजच्या रस्त्यावर त्याच कंपनीचा पंप आहे का? पॉइंटांसाठी चार किलोमीटर वाकडी वाट केलीत तर जाऊन-येऊन आठ किलोमीटर, म्हणजे स्कूटरला साधारण अठरा रुपयांचं पेट्रोल. पाचशेचं पेट्रोल टाकून पॉइंट मिळणार सव्वासोळा रुपयांचे.

प्रश्न : रिक्षा सीएनजीवर आहे. पॉइंट मिळतील? (पुणे)

गृहीत धरू नका. कार्डावर नाव तेल कंपनीचं असतं आणि शहरात सीएनजी बहुधा वेगळीच गॅस कंपनी विकते. बँकेला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. कॉल सेंटरवरचं ‘हो सर’ पुढे कुणाला दाखवणार?

प्रश्न : न मागता ‘लाइफटाइम फ्री’ पेट्रोल कार्ड घरी आलं. ठेवू का? (सोलापूर)

ओटीपी देऊ नका, कार्ड चालू करू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. संमतीशिवाय कार्ड देऊन बिल लावलं, तर बँकेने ती रक्कम मागे घ्यायची आणि वर तिच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा. बँकेकडे आजच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

प्रश्न : मी मिनिमम ड्यू दर महिन्याला वेळेवर भरतो, एकदाही चुकलो नाही. आता पेट्रोलसाठी दुसरं कार्ड कोणतं घेऊ? (ठाणे)

कोणतंही नको. ‘एकदाही चुकलो नाही’ असं लिहिणाऱ्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान देय भरलं की लेट फी टळते, बस्स. उरलेल्या रकमेवर व्याज सुरूच राहतं. अनेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के. वीस हजारांच्या बिलातले हजार भरलेत तर उरलेल्या 19,000 वर महिन्याचं व्याज 665 रुपये, जीएसटी धरून 785. नाशिकच्या वाचकांना अख्ख्या वर्षात 585 चे पॉइंट मिळत होते! शिवाय हा हिशोब सौम्य आहे, कारण बँक व्याज खरेदीच्या तारखेपासून लावते.

कार्ड विकणारा एक गोष्ट कधी सांगत नाही. थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. सकाळी टाकलेल्या पेट्रोलवर त्याच दिवसापासून मीटर चालू. अशा माणसाला सव्वातीन टक्के मिळाले काय आणि सव्वासहा मिळाले काय!

‘दिवाळीच्या बोनसमधून भरतो’ हेही पत्रांत नेहमी असतं. दिवाळीपर्यंत थांबू नका. मुदत ठेव असेल तर मोडण्याचा विचार करा. सात टक्के कमावत बेचाळीस टक्के भरण्यात काय हशील? ठेव नसेल तर बँकेकडे थकबाकीचे हप्ते किंवा वैयक्तिक कर्ज मागा आणि दर, प्रक्रिया शुल्क लेखी घ्या. सही करण्याआधी तो कागद सीएला किंवा सेबी-नोंदणीकृत सल्लागाराला दाखवा. कमिशनवर कार्ड विकणाऱ्याला दाखवू नका. तोवर पेट्रोल खात्यातल्या पैशांनीच टाका.

प्रश्न : आमचे सहा ट्रक आहेत. पेट्रोल कार्ड डिझेलला वापरू का? (जालना)

तुमच्यासाठी ताफ्याची कार्डं वेगळी आहेत : इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, एचपीचं ड्राइव्हट्रॅक प्लस. वैयक्तिक कार्डावरच्या पॉइंटांना महिन्याची कमाल मर्यादा असते, ती ट्रकच्या एका टाकीतही संपू शकते. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे जीएसटी क्रेडिटची, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वजा होण्याची, आशा धरू नका. बाकी सीएला विचारा.

प्रश्न : कार्ड बंद करायचंय, बँक दाद देत नाही. (सांगली)

आधी पॉइंट वापरून टाका, सगळी बाकी भरा, मग लेखी अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायलाच हवं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायचे आहेत. अर्जाची पोच जपून ठेवा.