५० एचपी मोटरचा १०० अँपिअरचा एमसीसीबी सारखा ट्रिप होतो. १६०चा टाकू का?

तुमच्या प्रश्नातली खरी कामाची ओळ अगदी शेवटी आलीय: मोटरवरचा ब्लोअर (हवेचा मोठा पंखा) स्टारमध्ये, म्हणजे कमी व्होल्टेजच्या सुरुवातीच्या जोडणीत, व्यवस्थित उचलतो आणि डेल्टाला, म्हणजे पूर्ण व्होल्टेजच्या जोडणीला, जाताना एमसीसीबी (मोठ्या करंटचा सर्किट ब्रेकर) खटकन ट्रिप होतो. दहा-पंधरा सेकंद तापून पडला असता तर दोष थर्मलचा (तापून हळू पाडणाऱ्या भागाचा) मानला असता. खटकन म्हणजे मॅग्नेटिक, मोठ्या करंटला क्षणात पाडणारा भाग. मोटर आणि केबल मेगरने इन्सुलेशन तपासून चांगली निघाली असेल (केली नसेल तर आधी तेच करा, तोवर पुन्हा चढवू नका), तर १६०चा आणण्याआधी आहे त्या एमसीसीबीचा डायल, म्हणजे किती पट करंटला मॅग्नेटिकने पाडायचं ते सेटिंग, बघा.

५० एचपी म्हणजे ३७ किलोवॅट, तेवढ्या मोटरचा फुल लोड करंट ६५-६६ अँपिअरच्या आसपास असतो. स्टारमध्ये लाइन करंट डायरेक्ट स्टार्टच्या (सरळ पूर्ण व्होल्टेजवर सुरू करण्याच्या) एक तृतीयांश, हे खरं. पण ते स्टार संपेपर्यंतच. स्टारचा कॉन्टॅक्टर (जोडणी करणारा स्विच) सुटून डेल्टाचा लागेपर्यंत मोटर क्षणभर सप्लायविना फिरते. रोटरमध्ये चुंबकत्व उरलेलं असतं, त्यामुळे टर्मिनलवर तिचं स्वतःचं व्होल्टेज असतं. ते सप्लायशी उलटं पडलेलं असताना डेल्टा लागला, तर बसणारा झटका डायरेक्ट स्टार्टपेक्षाही मोठा असू शकतो. म्हणून एमसीसीबी कधी पडतो, कधी नाही, आणि वायरमन 'मशीनमध्ये भूत आहे' म्हणतो.

एका फाउंड्रीत मी हाच प्रकार पाहिला. एमसीसीबी दोनदा बदलून झाला होता, आणि दोन्ही वेळा मॅग्नेटिकचा डायल सगळ्यात खाली, ५ पटीवर. म्हणजे १०० अँपिअरला ५००. डायल १० वर नेला, स्टारमधून डेल्टाला नेणारा टायमर ६ सेकंदांवरून १४ केला, काम झालं. टायमर अंदाजाने लावू नका. टाँग टेस्टर (तारेभोवती लावायचा करंट मीटर) लावा, स्टारमधला करंट उतरून स्थिरावला की मगच डेल्टा लागला पाहिजे. सेंट्रिफ्युगल ब्लोअर असेल तर सुरू करताना डँपर (हवेची झडप) बंद ठेवा, निम्मा त्रास तिथेच जातो.

डायलच नसेल, मॅग्नेटिक कंपनीतूनच फिक्स असेल, तर तो बहुधा डिस्ट्रिब्युशनसाठीचा एमसीसीबी आहे. तेव्हा १०० अँपिअरमध्येच मोटर ड्यूटीचा मागा, त्याचं मॅग्नेटिक १२ पट किंवा त्याहून वर असतं. त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये थर्मल नसतोच. घाबरू नका, मोटर तापण्यापासून वाचवायचं काम ओव्हरलोड रिलेचं आहे. एमसीसीबीचं काम शॉर्ट सर्किट तोडणं आणि स्टार्टिंगचा करंट मुकाट जाऊ देणं. इथे मात्र एक चूक मी दर चार पॅनेलांमागे एकदा तरी पाहतो: स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या मार्गात, मेन कॉन्टॅक्टरखाली बसवलेला असताना सेटिंग ६६ वर. तिथे वाइंडिंगचा करंट वाहतो, म्हणून ०.५८ ने गुणायचं, साधारण ३८. ६६ वर ठेवलेला रिले मोटर जळेपर्यंत शांत बसेल.

आता १६०चा का नको. त्याचं मॅग्नेटिक १० पटीला १६०० अँपिअरवर जातं. मोटर पॅनेलपासून लांब असेल, केबल बारीक असेल, तर टर्मिनल बॉक्समधल्या अर्थ फॉल्टला तेवढा करंट येईलच असं नाही. मग ट्रिप उशिरा होतो आणि तोवर केबल शिजते.

नवीन घेणारच असाल तर केए, म्हणजे तो किती हजार अँपिअरचा फॉल्ट तोडू शकतो, ते बघून घ्या. ५०० केव्हीए, ४.५ टक्के इंपिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरमागे फॉल्ट साधारण १५ केए येतो, तिथे २५ केए पुरे. १००० केव्हीए, ५ टक्के असेल तर साधारण २७, तिथे २५ केए कमी पडतो, ३६ घ्या. कॅटलॉगमध्ये आयसीयू (तो जास्तीत जास्त तोडू शकेल तो फॉल्ट) ठळक छापतात, तुम्ही आयसीएस (जेवढा तोडूनही तो पुन्हा कामाचा राहतो) वाचा. आयसीयूइतका फॉल्ट तोडल्यावर तो ब्रेकर पुन्हा नेहमीचा करंट वाहेल याची हमी नसते.

शेवटचं, एमसीसीबी एका कंपनीचा, कॉन्टॅक्टर दुसऱ्याचा, रिले तिसऱ्याचा असं जुळवू नका. कंपनीकडून ३७ किलोवॅट स्टार-डेल्टाचा टाइप २ कोऑर्डिनेशनचा (शॉर्ट सर्किटनंतरही स्टार्टर पुन्हा वापरता येईल अशा जुळणीचा) तक्ता मागवा. तिन्ही वस्तू त्या एकाच ओळीतल्या घ्या.