राजाला दिलेला 'सल्ला'

प्रश्न असा आहे: २०२४ साली ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी निवडणूक जाहीर केली, तेव्हा एका मराठी बातमीत 'पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजाने संसद विसर्जित केली' असं होतं आणि दुसरीत 'विनंतीवरून'. यातलं बरोबर कोणतं? आणि तो नुसता सल्लाच असेल, तर राजाने ऐकला नसता तर काय बिघडलं असतं?

बरोबर 'विनंतीवरून'. पण 'सल्ल्याने' लिहिणाऱ्या बातमीदाराला फार बोल लावता येत नाही. ब्रिटनच्या राजाची बाकीची जवळजवळ सगळी सरकारी कामं सल्ल्यानेच चालतात. गोंधळ होतो तो त्या सल्ल्याच्या जातीमुळे.

आपल्या बोलण्यातला सल्ला म्हणजे 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे'. वकील सल्ला देतो, ऐकायचा की नाही ते अशिलाने ठरवायचं, आणि अंगाशी आलं तर तेही अशिलानेच निस्तरायचं. संसदीय कारभारात हे दोन्ही बाजूंनी उलटं आहे. मंत्र्याने दिलेला सल्ला राजाला मानावाच लागतो, आणि त्याचा जाब द्यायचा तो सल्ला देणाऱ्याने. राजाला कॉमन्स सभागृहात उभं करून कोणी प्रश्न विचारू शकत नाही, मंत्र्याला विचारतात. म्हणून निर्णयही मंत्र्याचाच असावा लागतो. सही आणि शिक्का तेवढा राजाचा.

याचा कस लागला २०१९ मध्ये. ब्रेक्झिटचा घोळ टिपेला पोचलेला असताना तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद सुमारे पाच आठवडे संस्थगित करण्याचा, म्हणजे चालू अधिवेशन संपवून टाकण्याचा, सल्ला दिला. २८ ऑगस्टला राणीच्या स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्यात प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राजमुकुटाच्या सल्लागार मंडळाची, छोटेखानी बैठक झाली आणि राणी एलिझाबेथने मंजुरी दिली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की मुळात सल्लाच बेकायदा होता, त्यामुळे त्यावर बेतलेला हुकूमही रद्द. राणीचे आयुक्त तो हुकूम घेऊन संसदेत आले, ते जणू कोरा कागदच घेऊन आले होते, अशा आशयाचं वाक्य निकालात आहे. ठपका जॉन्सन यांच्या सल्ल्यावर, राणीवर शब्द नाही. 'सल्ला' या शब्दाचा सगळा घटनात्मक अर्थ या एका निकालात सापडतो.

विसर्जन मात्र वेगळं. २०११ च्या कायद्याने हा अधिकार राजमुकुटाकडून काढून घेतला होता, तो २०२२ च्या कायद्याने परत दिला. तेव्हा खल होऊन शब्द ठरला तो 'विनंती', कारण विनंती नाकारता येते. मे २०२४ मध्ये डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात चिंब होत सुनक यांनी जे सांगितलं, त्यातही आपण राजाला विनंती केली आणि ती मान्य झाली, असेच शब्द होते. मला ही काटेकोर भाषा आवडते, त्या दिवशी छत्रीचा विचार कोणी केला नाही हा भाग सोडा.

नाकारता येते म्हणजे केव्हा? राजाचे खासगी सचिव अॅलन लॅसेल्स यांनी १९५० मध्ये 'सेनेक्स' या टोपणनावाने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून याची चौकट मांडली होती: असलेली संसद अजून धड काम करू शकते, निवडणुकीने देशाच्या अर्थकारणाला धक्का बसेल, आणि बहुमताने कारभार चालवू शकेल असा दुसरा पंतप्रधान मिळण्यासारखा आहे. कॅनडात १९२६ साली राजाचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल बिंग यांनी पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना खरोखरच नकार दिला. बिंग यांनी नेमलेलं नवं सरकार काही दिवसांतच कोसळलं, निवडणूक घ्यावीच लागली आणि किंगच जिंकून परत आले. तेव्हा नकाराचा हक्क आहे खरा, पण तो वापरणाऱ्याचे हात पोळतात.

दिल्लीच्या बातमीत मात्र हा फरक उचलून नेऊ नये. लोकसभा राष्ट्रपती विसर्जित करतात ती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसारच. कलम ७४ मध्ये १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सल्ल्याचं बंधन स्पष्ट शब्दांत घातलं, आणि ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावाच लागतो. आपल्याकडे राजा नाही, पण ही रीत आपण तिथूनच घेतली आणि त्यांच्याकडे जे संकेतावर चालतं ते आपण कलमात बसवलं.

आता प्रत्ययाचं. 'सल्ल्याने' चूक नाही, पण त्यात 'विचारून केलं' अशी ढिली छटा येते. बंधनकारक सल्ल्याला 'सल्ल्यानुसार' अधिक नेमकं. आणि वर 'संस्थगित' लिहिलंय ते मुद्दाम: बैठक तहकूब होते, अधिवेशन संस्थगित होतं आणि विसर्जित होतं ते आख्खं सभागृह. २०१९ च्या मराठी बातम्यांत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडलेले दिसतील.