वाचक विचारतात : सात ताऱ्यांवरून दीर्घिकेचा इतिहास

प्रश्न : ‘सेग्यू-१’ या बटुदीर्घिकेतली, म्हणजे अगदी छोट्या आकाशगंगेतली, तारानिर्मिती फार लवकर थांबली, असा निष्कर्ष फक्त सात ताऱ्यांवरून काढला आहे. इतके कमी तारे पुरतात का?

उत्तर : पुरवावे लागतात! सिंह तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर असलेली ही दीर्घिका सगळी मिळून काहीशे सूर्यांइतकीच उजळ आहे. बारकाईने वर्णपट (प्रकाशाचं रंगांनुसार पृथक्करण, ज्यावरून ताऱ्यातली मूलद्रव्यं कळतात) घेता येतील असे तांबडे राक्षसी, म्हणजे उतारवयात फुगलेले तेजस्वी, तारे तिच्यात सातच, आणि २०१४पर्यंत त्या सगळ्यांचे वर्णपट घेऊन झाले होते.

बघायचं ते मॅग्नेशियम-कॅल्शियमचं लोहाशी प्रमाण. मोठ्या वस्तुमानाचे तारे काही दशलक्ष वर्षांत फुटतात; हेच सुपरनोव्हा. मॅग्नेशियम भरपूर देतात, लोह बेताचं. श्वेतबटूंचे, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचे, स्फोट उशिरा सुरू होतात आणि मुख्यतः लोहच ओततात. निर्मिती रेंगाळली की लोह वाढतं आणि हे प्रमाण उतरतं. सेग्यू-१मध्ये लोह सूर्याच्या सुमारे १/६३००पासून १/२५पर्यंत आहे, तरी प्रमाण सगळीकडे सूर्याच्या तिप्पटच. म्हणजे श्वेतबटूंची पाळी येण्याआधीच कारखाना बंद! गुरुत्व इतकं तोकडं की सुपरनोव्हांनी वायू उधळला. उरलेला विश्वाच्या पुनर्आयनीभवनाच्या काळात (पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने अवकाशातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटले तेव्हा) तापून गेला असावा.

मग लोहात एवढी तफावत का? एका सुपरनोव्हातून साधारण ०.१ सौरवस्तुमान लोह निघतं. ते एक लाख सूर्यांइतक्या वायूत मिसळलं तर प्रमाण सूर्याच्या १/१३००. दहा लाखांत मिसळलं तर १/१३,०००. त्यामुळे ‘लोह जास्त तो तारा नंतरचा’ हा हिशेब इथे डोळे मिटून लावू नये.

आणखी एक फसगत : सातांपैकी सर्वाधिक लोह असलेल्या ताऱ्यात कार्बन आणि बेरियमसारखी मूलद्रव्यंही भरमसाट आहेत. ती बहुधा जोडीदार ताऱ्याकडून आलेली उसनवारी, म्हणून दीर्घिकेच्या खात्यावर मांडायची नाहीत.

प्रश्न : मग ‘रेटिक्युलम-२’ या दुसऱ्या बटुदीर्घिकेत युरोपियम हे जड मूलद्रव्य एवढं कुठून आलं?

उत्तर : तिथे तपासलेल्या नऊपैकी सात ताऱ्यांत ते विपुल आहे, सेग्यू-१सारख्या इतर अतिशय अंधुक दीर्घिकांत अशी जड मूलद्रव्यं जवळपास नसतातच. साध्या सुपरनोव्हांमधून ती थोडी-थोडी येत असती, तर सगळीकडे थोडी-थोडी दिसली असती. तेव्हा एखादी दुर्मीळ, पण एका झटक्यात भरपूर माल देणारी घटना हवी. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (सुपरनोव्हानंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांची) टक्कर त्यात चपखल बसते.