ती एक ओळ टेबलातून उडवू नकोस

अगं, तुझा मेसेज रात्री उशिरा पाहिला. फोनच करणार होतो, पण जरा सविस्तर सांगायचंय म्हणून लिहितोय, निवांत वाच. तुझ्या रिझल्टच्या टेबलातल्या बाकी सगळ्या एन्ट्रीज जुळतायत, एकाच सब्स्ट्रेटला (ज्याच्यावर रिअ‍ॅक्शन करतेस त्या संयुगाला) रिएजंट, म्हणजे त्यावर घालायचं रसायन, हिशेबापेक्षा जास्त लागतंय, परत केलं तरी तेच, आणि लॅबमधले सगळे म्हणतायत की ती ओळ उडव आणि थिसिस लिहायला बस. माझं म्हणणं एवढंच की उडवू नकोस, निदान आत्ता तरी नको.

नेट परीक्षेच्या तयारीत हायड्रोबोरेशन घोकलंयस ना, डबल बाँडवर बोरॉन आणि हायड्रोजन बसवायची रिअ‍ॅक्शन, तिचे अँटी-मार्कोव्हनिकॉव्ह, सिन अ‍ॅडिशन वगैरे नियम? ते नेमकं अशाच एका न जुळणाऱ्या ओळीतून आलंय. १९५५ च्या सुमाराची गोष्ट, अमेरिकेत इंडियानामधलं पर्ड्यू विद्यापीठ, प्रोफेसर हर्बर्ट ब्राऊन आणि त्यांच्याबरोबर भारतातून गेलेले बी. सी. सुब्बा राव. सोडियम बोरोहायड्राइड हे हायड्राइड (हायड्रोजन) देणारं रिएजंट, ते एकटं एस्टर जातीच्या संयुगांना फारसं हात लावत नाही, म्हणून त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालून डायग्लाइम या सॉल्व्हंटमध्ये एस्टर रिड्यूस होतात का, म्हणजे हायड्राइड घेतात का, ते बघणं चालू होतं. काम तसं रटाळच, एकामागून एक एस्टर घ्यायचा आणि किती हायड्राइड खपलं ते मोजायचं. एका एस्टरला दोन हायड्राइड लागतात, इथिल स्टिअरेटला बरोबर दोन लागले. इथिल ओलिएटला मात्र २.४. आता दोन्हीत कार्बनची साखळी तेवढीच, १८ ची, फरक काय तर ओलिएटमध्ये मधे एक डबल बाँड आहे. पहिला संशय अर्थातच नमुन्यावर गेला, कारण ओलिएट शुद्ध मिळणं अवघड. मग ते शुद्ध करून पुन्हा केलं, तरी आकडा हलेना. म्हणजे तो वरचा ०.४ कचऱ्याचा नव्हता, हायड्राइड डबल बाँडवर जात होतं. बोरॉन-हायड्रोजन बाँड अल्कीनवर, म्हणजे डबल बाँड असलेल्या संयुगावर, इतक्या सहज बसतो हे तोवर कुणाला माहीत नव्हतं, कारण ईथरसारखं सॉल्व्हंट असलं की ही रिअ‍ॅक्शन साध्या तापमानाला झटपट होते आणि तसं कुणी करून बघितलंच नव्हतं. १९५६ मध्ये पेपर आला, पुढे १९७९ मध्ये ब्राऊनना जर्मनीच्या गेऑर्ग विटिगबरोबर नोबेल मिळालं. विचार कर, सगळं टेबल व्यवस्थित होतं, ती एक ओळ गाळली असती तर कुणाला कळलंसुद्धा नसतं!

ब्राऊनच्याच आयुष्यात असं आधीही झालं होतं. युद्धाच्या काळात शिकागोत प्रोफेसर श्लेसिंगर यांच्या हाताखाली बोरोहायड्राइडवर काम चालू होतं, युरेनियमचं वाफ होऊ शकणारं संयुग हवं होतं म्हणून. सोडियम बोरोहायड्राइड बनवलं, पण ते सोडियम मेथॉक्साइडमधून वेगळं करायला सॉल्व्हंट सापडेना. अ‍ॅसिटोनमध्ये टाकून बघितलं तर जोरात रिअ‍ॅक्शन झाली आणि हातात आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॉल्व्हंट म्हणून अ‍ॅसिटोन बादच, पण अ‍ॅसिटोनसारख्या कीटोनचं रिडक्शन असं होतं हे तिथे कळलं. आज तुझ्या फ्यूम हूडमध्ये ती पांढऱ्या पावडरची बाटली आहे ना, तिची ही जन्मकथा.

आता तुझ्या मेसेजमधली दुसरी गोष्ट. "मी छोट्या कॉलेजची, वय पण वाढलंय, मी कोण असं काही शोधणार" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ब्राऊनचंच बघ, आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू, ब्राऊनचा जन्म १९१२ चा लंडनमधला, दोन वर्षांचे असताना घर शिकागोला आलं. वडिलांचं हार्डवेअरचं छोटं दुकान, १९२६ मध्ये वडील गेले आणि हा मुलगा शाळा सोडून दुकानात बसला. शाळा पुरी केली १९३० मध्ये. मग ज्युनियर कॉलेज, तर मंदीत पैसे नाहीत म्हणून १९३३ मध्ये ते कॉलेजच बंद पडलं. निकोलस चेरोनिस नावाच्या तिथल्या शिक्षकांनी आपली खाजगी लॅब काही मुलांना उघडून दिली, ब्राऊन त्यातले एक. मला या सगळ्या कहाणीत हे चेरोनिस सर फार मोठे वाटतात, नोबेलच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नाही, पण त्यांनी दार उघडलं नसतं तर पुढचं काही झालं असतं का कोण जाणे.

तिथेच सारा बेलन भेटली, वर्गातली हुशार मुलगी, पुढे त्यांची बायको. १९३६ मध्ये ते शिकागो विद्यापीठातून बीएस झाले तेव्हा तिने एक पुस्तक भेट दिलं, आल्फ्रेड स्टॉक यांचं बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइड्सवरचं. हेच का, तर दुकानात केमिस्ट्रीचं सगळ्यात स्वस्त तेच होतं, साधारण दोन डॉलरचं. आयुष्याचा विषय तिथून मिळाला. १९३८ मध्ये पीएचडी झाल्यावर इंडस्ट्रीत नोकरी शोधली, मिळाली नाही, म्हणून पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची जागा, धरली. शिकागोत पुढे जागा नाही म्हटल्यावर १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात गेले, आणि १९४७ पासून पर्ड्यू. २००४ मध्ये वारले तोवर तिथेच. १९७८ मध्ये रीतसर निवृत्त झाले तरी लॅब चालूच ठेवली, नोबेल मिळालं ते त्याच्यानंतर, ६७ व्या वर्षी. आणि त्यांच्याकडे पोस्टडॉकला आलेल्या दोघा जपानी पोरांना, सुझुकी आणि नेगिशी, २०१० मध्ये नोबेल मिळालं. सुझुकी कपलिंग, ती बोरॉन वापरून दोन कार्बन जोडणारी रिअ‍ॅक्शन, तू परवाच लावलं होतंस, त्यातलं बोरॉन कुठून आलं ते आता कळलं असेल.

म्हणून आता असं कर. सब्स्ट्रेट कॉलम मारून किंवा डिस्टिल करून ताजं घे, त्याचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) आधीच काढून ठेव. सब्स्ट्रेट न घालता एक ब्लँक लाव, म्हणजे सॉल्व्हंटमधलं पाणी रिएजंट खातंय का ते कळेल, मला पहिली शंका तीच आहे आणि तसं निघालं तरी काही बिघडत नाही, कारण सांगून ती एन्ट्री सुधारता येईल. बाटलीचा लॉट नंबर वहीत लिही. एवढं करूनही जास्तच आलं तर वर्कअपनंतरचं क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेलं प्रॉडक्ट, फेकू नकोस, त्याचा एनएमआर मला पाठव, दुसरा कुठला ग्रुप रिएजंट घेतोय ते दोघं मिळून बघू. तुझ्या गाइडशी हवं तर मी बोलतो. फक्त सबमिशन महिनाभर पुढे गेलं तर फेलोशिपचं काय होतं ते सोमवारीच ऑफिसात विचारून घे.

— सर