वजनकाट्याआधी तेलाची बरणी बघा

पोटाच्या व्यायामाने स्नायू घट्ट होतात, पण नेमकी तिथलीच चरबी उतरत नाही. म्हणून पोट कमी करायचं तर एकूण खाण्यातल्या कॅलरी घटवा आणि सुरुवात तेल मोजण्यापासून करा. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात आणि अंदाजाने फोडणी घातली की दोन चमचे जास्त कधी पडले ते कळतही नाही. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुष्कळ झालं. ताटात आधी उसळ, कोशिंबीर घ्या, भात शेवटी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरेल ही आशा सोडा; तो निव्वळ स्टार्च, वर दाणे नि तूप. जेवणानंतर १५ मिनिटं चाला. वजन पाण्यामुळेही किलोभर हलतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा सकाळी, श्वास सोडून कंबर मोजा: पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.