श्रेय वाणाचे किती, डोंगराचे किती?

प्रश्न : पनामातील बोकेते परिसराच्या गेशा कॉफीला लिलावात अवाच्या सवा भाव मिळतो, असे वाचले. ही किमया वाणाची की जागेची? तेच रोप अन्यत्र लावल्यास तीच चव मिळेल का? – एक वाचक

उत्तर : श्रेय दोघांचेही आहे, मात्र एकटा वाण पुरत नाही, याचा दाखला पनामातच मिळतो. मूळचा इथिओपियातील हा वाण टांझानियामार्गे १९५३ मध्ये कोस्टारिकातील तुरियाल्बा येथील संशोधन केंद्रात पोहोचला आणि १९६० च्या दशकात, तांबेरा या बुरशीजन्य रोगाला तोंड देणारे झाड म्हणून, पनामातील शेतकऱ्यांच्या हाती आला. फांद्या ठिसूळ आणि उत्पन्न बेताचे, त्यामुळे कोणी त्याचे फारसे कौतुक केले नाही. त्याची फळे इतर वाणांच्या फळांत मिसळूनच विकली जात. पुढे हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्याच्या पीटरसन कुटुंबाने हारामियो येथील उंचावरच्या तुकड्यांची कॉफी वेगवेगळी काढून चाखली, तेव्हा जाईच्या फुलांसारखा तो सुगंध नेमका कोठून येतो, हे उमगले. २००४ च्या लिलावात तिला पौंडाला २१ डॉलर मिळाले; साध्या कॉफीचा भाव तेव्हा एक डॉलरच्या आसपास घुटमळत होता.

उंचीमुळे काय होते? बोकेतेजवळच्या, सुमारे ३,४७५ मीटर उंचीच्या बारू ज्वालामुखीच्या उतारांवर रात्री गार असतात, शिवाय कॅरिबियन बाजूने डोंगर ओलांडून येणारे ‘बाहारेके’ नावाचे धुकट तुषार कोरड्या महिन्यांतही ऊन सौम्य करतात. फळ सावकाश पिकते आणि बी घट्ट भरते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे एकदम दिसतात, म्हणून तोडणी करणारे, बहुतांशी ङोबे या आदिवासी समाजाचे मजूर, फांदी न मोडता केवळ पिकलेली फळे खुडतात आणि त्याच झाडाकडे पुन:पुन्हा येतात. किमतीत या मजुरीचाही वाटा आहे, हे लिलावाच्या बातम्यांत क्वचितच सांगितले जाते.

अन्यत्र, पुरेशा उंचीवर, हा वाण उत्तम सुगंध देतो. सखल व उष्ण जागी तो फिका पडतो. त्यातच, गेशा म्हणून विकली जाणारी सर्व रोपे आनुवंशिकदृष्ट्या एक नसतात. तेव्हा पाकिटावर नुसते वाणाचे नाव पाहून अधिक पैसे मोजू नयेत. मळा, उंची आणि तोडणीचे वर्ष दिलेले नसेल, तर विक्रेत्याला विचारावे.